दुकान तेंच; चव ती नाहीं

गेल्या श्रावणांतील एका मंगळवारीं सायंकाळीं मी माझ्या दोन नातवंडांस घेऊन लोणावळ्याच्या बाजारपेठेमागील एका लहानशा पिझ्झाच्या दुकानांत गेलों होतों. बाहेर पाऊस मी म्हणत होता. दुकानांत आम्हां तिघांखेरीज एकच जोडपें बसलें होतें. तरीही मागितलेला पदार्थ समोर यावयास पाऊण तास लागला. आला तो पिझ्झा कडेला चामड्यासारखा चिवट, मध्यें ओलसर, आणि त्यावरील चीज थिजून मेणासारखें झालेलें. आम्ही त्या दुकानीं वर्षाहून अधिक काळ गेलों नव्हतों. नातीनें हट्ट धरला म्हणून त्या दिवशीं गेलों. तिनें दोन घास खाल्ले आणि हळूच विचारलें, "आजोबा, हें तेंच दुकान आहे ना?"

मीं वाढणाऱ्या मुलास बोलावून पिझ्झा नीट भाजला नसल्याचें सांगितलें. तो उद्धट नव्हता, थकलेला होता. पण त्यानें जें उत्तर दिलें तें तेव्हांपासून माझ्या मनांत घोळत आहे. तो म्हणाला, "काका, शनिवार-रविवारीं आमच्याकडे बसायला जागा नसते." एवढें बोलून तो निघून गेला.

माझ्या तक्रारीचें हें उत्तर नव्हे, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, चांगलीं उपाहारगृहें कां बिघडतात याचें सारें रहस्य त्या एका वाक्यांत सांठविलेलें आहे. आजच्या भाषणांत त्या वाक्याचा उलगडा करण्याचा माझा विचार आहे.

कोणी म्हणेल, एका पिझ्झाचें एवढें काय? देशापुढें याहून मोठे प्रश्न आहेत. खरें आहे. परंतु मध्यम स्थितीच्या कुटुंबांत महिन्या-दोन महिन्यांतून एकदां बाहेर जाऊन खाणें हा लहानसा सणच असतो. मुलें चार दिवस आधींपासून वाट पाहतात. त्या सहा-सातशें रुपयांत नुसतें पोट भरावयाचें नसतें. तो सण बिघडला म्हणजे मुलांचे चेहरे उतरतात, आणि पैसे देऊन अपमान विकत आणल्यासारखें वाटतें. शिवाय दुसरी गोष्ट अशी कीं, दुकान बिघडतें तें आपोआप नव्हे. त्यास कारणें असतात. आणि त्यांतील एक कारण आपण स्वतः असतों, हें मला फार उशिरां उमजलें.

प्रथम तें दुकान पूर्वीं कसें होतें तें सांगतों. सुमारें आठ वर्षांपूर्वीं याच भागांतील एका तरुणानें तें काढलें. पुण्याच्या एका हॉटेलांत त्यानें भटारखान्यांत काम केलें होतें. दोन गाळे भाड्यानें घेऊन त्यानें सहा टेबलें मांडलीं. रात्रीं स्वतः पीठ मळून ठेवी आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं वापरी. एकदां आम्ही गेलों असतां तो स्वतः टेबलापाशीं येऊन म्हणाला, "गुरुजी, आज थंडीनें पीठ नीट फुगलेलें नाहीं. जरा थांबाल तर चांगलें देईन, नाहीं तर आज दुसरें कांहीं घ्या." ज्या दुकानदारास आपल्या मालांतील उणीव गिऱ्हाइकाच्या आधीं दिसते, त्या दुकानाची काळजी नसावी. आम्ही त्या दिवशीं थांबलों, आणि पुढें सहा वर्षें जात राहिलों.

आतां हा पदार्थ मुळांत काय आहे तें पाहूं. म्हणजे तो कोठें बिघडतो तें कळेल. १९९६ सालीं अमेरिकेंतील दोन मोठ्या साखळी-दुकानांनीं दिल्ली आणि बंगळूर येथें आपलीं पहिलीं दुकानें उघडलीं, तेव्हां आमच्या मावळांत बहुतेकांस पिझ्झाचें नांवही नीट उच्चारतां येत नव्हतें. आज तळेगांव, वडगांव, कामशेत येथील मुलांचे वाढदिवस त्यावांचून होत नाहींत. तरीही त्याचें शास्त्र आपल्या गृहिणींस अपरिचित नाहीं. आंबोळीचें आंबवणें आणि भाकरीची आंच हीं दोन्हीं ज्यांस समजलीं त्यांस पिझ्झा समजला.

मैद्यांत यीस्ट, मीठ व पाणी घालून मळलें कीं यीस्ट पिठांतील साखर खाऊं लागतें आणि कर्बाम्लवायु सोडतें. मैद्यांतील चिकट द्रव्याचें जाळें हा वायु कोंडून ठेवतें. म्हणून पीठ फुगतें. ही क्रिया सावकाश झाली तर पिठास चव येते. घाईनें उरकली तर पीठ फुगतें, पण चव येत नाहीं. पुढची गोष्ट आंच. ज्या नेपल्स शहराचा हा पदार्थ, तेथील पद्धतीचे नियम युरोपीय संघानें २०१० सालीं नोंदून घेतले. त्यांत भट्टीची उष्णता सुमारें ४८५ अंश सेल्सिअस आणि भाजण्याचा वेळ ६० ते ९० सेकंद सांगितला आहे. २०१७ सालीं युनेस्कोनें तेथील पिझ्झा करणाऱ्यांची कला मानवजातीच्या वारशांत समाविष्ट केली. आपल्या गल्लींतील दुकानास एवढी उष्णता कोठून मिळणार? विजेच्या अथवा गॅसच्या भट्टींत कमी आंचेवर कांहीं मिनिटें अधिक लागतात. पण भट्टी पुरती तापलेली असली पाहिजे, हा नियम तिलाही चुकत नाहीं. तापल्या तव्यावर टाकलेली भाकरी फुगते आणि कोमट तव्यावर टाकलेली वातड होते, तेंच येथें होतें.

तिसरी वस्तु चीज. एक किलो चीज होण्यास आठ-दहा लिटर दूध लागतें. तेव्हां तें महाग असणारच. सगळ्या पदार्थांत अधिक खर्चाची वस्तु तीच. आणि म्हणून काटकसरीचा डोळा प्रथम तिच्याकडेच वळतो.

दुकान बिघडतें तें या तीन वाटांनीं. रात्रीं पीठ मळून ठेवण्यास माणूस लागतो आणि उद्यांचा अंदाज लागतो. तो त्रास नको म्हणून बाजारांतून अर्धवट भाजलेल्या चकत्या आणल्या जातात. या चकत्या शीतकपाटांत राहिल्या म्हणजे पाव शिळा होतो तशाच शिळ्या होतात. नव्हे, त्या थंडींत पिष्टपदार्थ बाहेरच्यापेक्षां लौकर ताठरतो. मग त्या पुन्हां तापविल्या कीं क्षणभर मऊ वाटतात आणि ताटांत येतां येतां चिवट होतात. भट्टी दिवसभर तापती ठेवणें म्हणजे विजेचा खर्च. म्हणून गिऱ्हाईक आल्यावर ती लावली जाते. आमचा पाऊण तास त्यांतच गेला असावा. आणि चीजच्या जागीं वनस्पतिजन्य तेल, पिष्ट व दुधांतील प्रथिनें यांपासून केलेला, चीजसारखा दिसणारा पदार्थ वापरतां येतो. तो खाण्यास अयोग्य आहे असें नव्हे. पण त्यास चीज म्हणून विकणें ही फसवणूक होय. माझ्या ताटांत त्या दिवशीं काय होतें तें मी सांगूं शकत नाहीं. नुसत्या डोळ्यांनीं अथवा जिभेनें ही पारख खात्रीनें होत नाहीं, तीस प्रयोगशाळाच पाहिजे.

या बाबतींत आपल्याच प्रांतांतील एक प्रकरण बोधप्रद आहे. २०२३ सालच्या अखेरीस अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील केडगांव भागांत मॅकडोनल्ड्स या जगप्रसिद्ध साखळीच्या एका शाखेवर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानें कारवाई केली. कांहीं पदार्थांच्या नांवांत 'चीज' शब्द असून आंत चीजसदृश पदार्थ वापरला जातो, आणि तें गिऱ्हाइकास कळत नाहीं, असा प्रशासनाचा आक्षेप होता. शाखेचा परवाना स्थगित झाला. कंपनीनें आपण खरेंच चीज वापरतों असें ठामपणें सांगितलें. मात्र मध्यंतरीं कांहीं पदार्थांचीं नांवें बदललीं गेलीं. या वादांत कोणाची बाजू खरी याचा निवाडा करण्याचें मला कारण नाहीं. माझा मुद्दा एवढाच कीं, पाटीवरील एक शब्द ही लहान गोष्ट नव्हे. तो शब्द म्हणजे दुकानदारानें गिऱ्हाइकास दिलेलें वचन आहे.

पण हें झालें बिघाडाचें स्वरूप. बिघाड होतो कां? येथें मला लोणावळ्याच्या भूगोलाकडे वळावें लागतें.

१८५८ सालीं पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली, परंतु बोरघाटांतील मार्ग पुरा व्हावयास १८६३ साल उजाडलें. मधल्या काळांत मुंबईहून येणारा प्रवासी खोपोलीस उतरून पालखींतून अथवा पायीं घाट चढे. तेव्हांपासून हें गांव पांथस्थांचें. चिक्की झाली ती पांथस्थांसाठीं. वडा झाला तो पांथस्थांसाठीं. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पुरा झाल्यावर तर पावसाळ्यांतील प्रत्येक शनिवारीं भुशी धरणाच्या वाटेवर मोटारींच्या रांगा लागूं लागल्या. या लोकांनीं आमच्या गांवास रोजगार दिला, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु व्यापाराच्या दृष्टीनें पांथस्थ आणि शेजारी यांत एक मोठा भेद आहे. शेजारी पुन्हां येतो. पांथस्थ बहुधा पुन्हां येत नाहीं.

शेजाऱ्यास वाईट माल दिला तर दुकानदाराचें नुकसान होतें, कारण तो उद्यां येणार नाहीं. पांथस्थास चांगला माल दिला काय आणि वाईट दिला काय, उद्यां तो नसणारच. त्याच्या जागीं दुसरा असणार. जॉर्ज अकर्लोफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढें २००१ सालीं नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी झाला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: घेणाऱ्यास चांगल्या-वाइटाची पारख आधीं करतां येत नसेल, तर चांगला माल ठेवणाऱ्यास त्याचा मोबदला मिळत नाहीं, आणि हळूहळू वाईट माल चांगल्यास बाजारांतून हुसकून लावतो. आमच्या घाटमाथ्यावरील खाद्यपदार्थांच्या दुकानांस हें वर्णन तंतोतंत नसलें तरी पुष्कळसें लागू पडतें.

याउलट आपल्याकडील जुन्या खाणावळी आठवा. तेथें महिन्याचे पैसे भरणारे तेच पन्नास लोक दोन्हीं वेळां पानावर बसत. आमटी पातळ झाली तर त्याच पंगतींत कोणी तरी बोले, आणि वाढणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं तोंड दाखवावयाचें असे. दादरच्या मामा काणे यांनीं १९१० सालीं काढलेल्या उपाहारगृहाच्या नांवांतच 'स्वच्छ' हा शब्द होता. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकासमोर असा शब्द पाटीवर लिहिणें म्हणजे रोज परीक्षेस बसणें होय. पुण्या-मुंबईच्या दुकानांतील 'आमची कोठेंही शाखा नाहीं' या पाटीची आपण थट्टा करतों. पण तिच्यांत एक शहाणपण आहे: मालकाचा डोळा एकाच जागीं असूं शकतो.

आमच्या तरुण दुकानदारानें महामार्गालगत दुसरी शाखा काढली. त्यासाठीं कर्ज घेतलें. स्वतः तो तिकडे बसूं लागला. इकडे नवीं मुलें आलीं. परगांवचीं, एका खोलींत पांच-सहा राहणारीं. शनिवार-रविवारीं मध्यरात्रीपर्यंत राबणारीं हीं मुलें मंगळवारीं उत्साहानें वाढतील, ही अपेक्षाच अन्यायाची. कोणी तीन महिन्यांहून अधिक टिकेना; म्हणजे शिकविलेलें वायां. त्यांतच फोनवरून मागवून घरपोंच नेण्याचा व्यापार आला. तेथें मधल्या कंपनीचा वांटा जातो, आणि पदार्थ कितीही चांगला केला तरी पेटींत अर्धा तास वाफेंत भिजून पोंचतो. मग चांगला करावा कशास, असा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे.

आतां त्या मुलाच्या उत्तराचा अर्थ नीट लागतो. "शनिवार-रविवारीं बसायला जागा नसते," म्हणजे: गर्दी हाच आमच्या मालाचा दाखला आहे. ज्यास मंगळवारीं आवडलें नाहीं तो एकटा आहे. शनिवारीं येणारे पुष्कळ आहेत. गर्दीनें गल्ला भरतो आणि गल्ल्याकडे पाहणाऱ्यास ताटांत उरलेला घास दिसत नाहीं.

पण श्रोतेहो, येथें एक प्रश्न राहतो. शेजारी तर होतेच कीं! आम्ही होतों, आमच्यासारखीं आणखी पंधरा-वीस घरें होतीं. आम्ही काय केलें? याचें उत्तर लाजिरवाणें आहे. आम्ही गुपचूप जाणें बंद केलें.

या वागण्याचें विवेचन आल्बर्ट हर्शमन या विद्वानानें १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका लहान पुस्तकांत केलें आहे. तो जन्मानें जर्मन, पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेला. नायजेरिया देशांतील रेल्वेचा कारभार पाहून त्याला एक कोडें पडलें. मालाची वाहतूक करण्यास मोटार-ट्रकांची स्पर्धा उभी राहिली असतां रेल्वे सुधारावयास पाहिजे होती; ती सुधारली नाहीं. कां? त्याचा उलगडा असा: जे व्यापारी चोखंदळ व बोलके होते, ज्यांच्या ओरडीनें रेल्वेचे अधिकारी हलले असते, तेच सर्वांआधीं ट्रकांकडे निघून गेले. उरले ते मुकाट्यानें सोसणारे. गिऱ्हाइकापाशीं दोन शस्त्रें असतात, असें हर्शमन म्हणतो. एक निघून जाणें आणि दुसरें बोलणें. निघून जाणें सोपें असतें, म्हणून शहाणी माणसें तेंच करतात. पण नुसतें निघून गेल्यानें दुकानदारास एवढेंच कळतें कीं कांहीं तरी घडलें. काय घडलें तें कळत नाहीं. आणि जेथें शनिवारची गर्दी जाणाऱ्यांची जागा लगेच भरून काढते, तेथें तर कांहीं घडलें हेंही कळत नाहीं.

आम्हां मराठी माणसांत हा दोष विशेष आहे. घरीं येऊन आपण त्या दुकानाचे वाभाडे काढतों, शेजाऱ्यांस सांगतों, लग्नकार्यांत सांगतों; ज्यास सांगावयाचें त्यालाच सांगत नाहीं. "कशाला वाईटपणा घ्या," असें म्हणून गप्प बसतों आणि त्या गप्प बसण्यास सभ्यपणा समजतों.

तक्रार मनावर घेतली तर काय होतें याचें एक उदाहरण अमेरिकेंतून देतों. डॉमिनोज या पिझ्झाच्या साखळीनें तेथें २००९ च्या अखेरीस एक विलक्षण गोष्ट केली. आपला तळ पुठ्ठ्यासारखा लागतो, आपली चटणी बाटलींतल्या केचपसारखी आहे, असे गिऱ्हाइकांचे शेरे कंपनीनें स्वतःच्या जाहिरातींतून लोकांपुढें मांडले, ते खरे असल्याचें कबूल केलें, आणि तळ, चटणी व चीज या तिहींची कृति बदलली. पुढील वर्षाच्या पहिल्या तिमाहींत तेथील तिच्या जुन्या दुकानांची विक्री आदल्या वर्षाच्या त्याच काळापेक्षां १४.३ टक्क्यांनीं वाढली. आपला दोष कबूल केल्यानें पत जाते, हा समज येथें खोटा ठरला. पण ध्यानांत घ्या, त्या शेऱ्यांवांचून हें झालें नसतें. कोणी तरी बोललें होतें.

तेव्हां बोलावें, पण कसें बोलावें? प्रथम जागच्या जागीं, पदार्थ समोर असतां, अर्धा खाऊन संपण्यापूर्वीं, आणि शांतपणें. "तुमचें दुकान वाईट" असें न म्हणतां "हा तळ कच्चा आहे, पाहा" असें म्हणावें. वाढणाऱ्या मुलावर राग काढूं नये. चकत्या त्यानें विकत आणलेल्या नसतात. मालक नसेल तर त्याचा फोन नंबर मागून त्याला सांगावें. दूरध्वनीवर बोटानें एक तारा देऊन सूड उगविणें म्हणजे तक्रार नव्हे. काय बिघडलें तें चार ओळींत लिहिलें तर त्याचा उपयोग आहे; आणि चांगलें मिळालें त्या दिवशींही तितक्याच तत्परतेनें सांगितलें पाहिजे.

त्यानेंही भागलें नाहीं तर कायदा आहे. १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हां गिऱ्हाइकास स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्यानें घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेण्यास शुल्क पडत नाहीं. त्याआधीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीकडे सांगतां येतें. पुष्कळ भांडणें तेथेंच मिटतात. अन्नाच्या शुद्धतेविषयीं शंका असल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जावें.

उपाहारगृहाच्या बिलावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापणें १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे; तो आहे कीं नाहीं तें पाहावें. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें खरेदीदारासही एक अधिकार दिला आहे: विकत घेतेवेळीं दुकानदारास तसें सांगून आणि ठरलेलें शुल्क भरून त्याला पदार्थाची सरकारमान्य विश्लेषकाकडून तपासणी करून घेतां येते. सामान्य माणूस हें क्वचितच करील. पण असा अधिकार आहे हें दुकानदारास ठाऊक असणें हाही एक धाक आहे.

आमच्या त्या दिवसाच्या बिलाचेंच उदाहरण घ्या. पदार्थांचे ६०० रुपये. त्यावर ६० रुपये 'सेवाशुल्क'. आणि या ६६० रुपयांवर ५ टक्के जीएसटीचे ३३. एकूण ६९३ रुपये. यांतील ३३ रुपये सरकारी कर आहे. ६० रुपये कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं असें ठरविलें कीं, उपाहारगृहानें सेवाशुल्क आपोआप बिलांत धरूं नये. तें देणें न देणें गिऱ्हाइकाच्या खुषीवर आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयांत गेल्या, परंतु २८ मार्च २०२५ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें हीच भूमिका कायम केली. मीं हें मुलास सांगितलें तेव्हां त्यानें ती रक्कम विनातक्रार वजा केली. कर कमी झाला तो निराळाच. म्हणजे जो विचारतो त्याला नियम. जो विचारीत नाहीं त्याला साठ रुपये.

एवढें सारें मीं जाणलें, टिपून काढलें, आणि मग मला माझीच लाज वाटूं लागली. इतरांस बोलावयास सांगणारा मी, सहा वर्षांच्या परिचयाच्या त्या दुकानदारास एका शब्दानें कांहीं बोललों नव्हतों. म्हणून एका सोमवारीं सकाळीं मी महामार्गावरील त्याच्या शाखेंत गेलों. तो पिंपांचीं नि खोक्यांचीं ओझीं उतरवून घेत होता. मीं त्याला सर्व सांगितलें: चिवट तळ, थिजलेलें चीज, पाऊण तास, आणि नातीचा प्रश्न.

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, नेहमींचीं माणसें यायचीं थांबलीं, एवढें मला दिसत होतें. मला वाटलें, लोकांना नवें हवें असतें. कोणी बोललें नाहीं. तुम्ही सुद्धां बोललां नाहीं."

याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

पुढें त्यानें आपला हिशेब मांडला: दोन जागांचें भाडें, कर्जाचा हप्ता, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत वर्षाची कमाई करून घेण्याची घाई. तो हिशेब खोटा नव्हता. शनिवारचें गिऱ्हाईक सोडून दे, असें मी त्याला कोणत्या तोंडानें सांगावें? शेवटीं आम्ही दोघांनीं मिळून एक लहान गोष्ट ठरविली. सोमवार ते गुरुवार, जेव्हां गर्दी नसते आणि येतात ते बहुतेक गांवचेच असतात, तेव्हां जुन्या दुकानांत चकत्या वापरावयाच्या नाहींत. आदल्या रात्रीं तो स्वतः पीठ मळील. सेवाशुल्काची ओळ बिलांतून काढून टाकण्याचेंही त्यानें कबूल केलें.

त्यानंतर आम्ही दोनदां जाऊन आलों. पहिल्या खेपेस पिझ्झा पूर्वींसारखा होता आणि नातीनें आपला वांटा संपवून माझ्या ताटाकडे पाहिलें. दुसऱ्या खेपेस तळ मध्यें किंचित् कच्चा राहिला होता. मीं उठून गल्ल्यापाशीं गेलों आणि तसें त्याला सांगितलें.